आबांच्या वांग्यांचं बी

बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन उतरलं की आम्ही वांगी तोडायला मळ्यात जात असू. भर उन्हात तोडलेलं वांगं सकाळपर्यंत मऊ पडतं, म्हणून सूर्य कलल्यावरच विळा हातात घ्यायचा, असा आबांचा नियम. आबा म्हणजे माझे वडील. देठ बोटभर ठेवून कापायचा, वांगं खाली पडू द्यायचं नाही, एकावर एक रचताना मध्ये वांग्याचीच पानं घालायची. आमची वांगी फिकी हिरवी, लांबट, जवळजवळ वीतभर, आणि इतक्या पातळ सालीची की नख लागलं तरी ओरखडा उठे. पाट्या भरून झाल्या की त्यांवर ओलं फडकं टाकायचं आणि त्या गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवायच्या. मग माय त्यातलीच चार-पाच ओरखडा पडलेली वांगी वेगळी काढून कपाशीच्या काड्यांवर भाजायला घेई. काड्या तडतडत जळायच्या, वांग्यांची सालं काळी पडून फुटायची, आणि त्यांचा वास मळ्याच्या वाटेपर्यंत यायचा. लाकडी उखळात हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे ठेचल्याचा धप धप आवाज आला की आमच्या घरी उद्या बाजार आहे, हे गल्लीतल्या कोणालाही सांगावं लागत नसे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. आज माझी नातसून पुण्यात गॅसच्या जाळीवर वांगं भाजते आणि मला विचारते, आजी, तुमच्यासारखं झालं का? मी झालं म्हणते. काड्यांच्या धुराचं तिला काय सांगणार?

आमचं गाव यावलपासून दोन तासांच्या गाडीवाटेवर. विहीर बरी होती, पण केळीची बाग लावण्याइतकं पाणी तिला नव्हतं. केळीवाल्यांची घरं वेगळी, त्यांच्या दारात व्यापारी येत. आम्ही आमचा माल घेऊन बाजारात जाणारी माणसं. कपाशी, थोडी ज्वारी, आणि विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात ही वांगी. घर चाले ते वांग्यांवर. यावलच्या आणि फैजपूरच्या बाजारात आमच्या वांग्यांना वेगळं नावच पडलं होतं, ‘आबांची वांगी’. बाया दुसऱ्यांच्या पाट्या ओलांडून आमच्याकडे येत. त्याचं कारण एकच होतं. ते वाण दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आबांच्या आजोबांनी ते कुठून आणलं, हे आबांनाही नीट ठाऊक नव्हतं. बाजारात आम्ही कोवळं वांगं विकायचो, आणि कोवळ्या वांग्यातलं बी उगवत नाही. ते विकत घेऊन कोणी लावू म्हणेल तर काही उपयोग नव्हता.

बी धरायची रीत अशी. आबा हंगामाच्या शेवटी सात-आठ झाडं निवडत आणि त्यांना चिंध्या बांधत. त्या झाडांची वांगी तोडायची नाहीत. ती पिकून पिवळी, मग तांबूस होत. मग ती चिरून पाण्यात चोळायची, तळाला बसलेलं बी घ्यायचं, तरंगणारं टाकायचं. सावलीत फडक्यावर वाळवायचं, चाळलेल्या राखेत मिसळायचं, आणि गाडग्यात भरून तोंड शेणाने लिंपायचं. पेरणीआधी ते एकदा उघडून राख बदलायची. हे काम तिघंच करत. आबा, मी आणि उखाभाऊ.

उखाभाऊ आमचा सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल सुरू होई आणि पुढच्या आखाजीला संपे, आणि त्याच दिवशी आबा त्याला पुन्हा ठरवत. मला कळायला लागलं तेव्हापासून तो होताच. मूळचा तो सोनगीरकडचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ असायचं आणि आम्ही गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायचो. तो हसायचा. उंच, हाडकुळा, डाव्या कानात वाळी. त्याची बायको केशरवहिनी आमच्याकडे निंदणीला येई. त्यांचं घर गावाच्या टोकाला, एका खोलीचं.

आधी बाजारात माय बसायची. मग तिला दम्याने धरलं, आणि धुळीत, गर्दीत बसणं तिला जमेना. आबांना बाजारात बसता येत नसे. ते गिऱ्हाइकाशी एक शब्द जास्त बोलत नसत, आणि कोणी भाव पाडून मागितला की वांगं त्याच्या हातातून काढून घेत. म्हणून पंधराव्या वर्षी मी बसायला लागले. गाडी उखाभाऊ हाके, पाट्या तो उतरवी, बैल सोडून बांधी, पाणी आणून देई. तागडी माझ्या हातात.

पहिल्या बाजारात माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजूबाजूला सगळे ओरडत होते, कांदेवाला, मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली बाई, गुळवाला, फुटाणेवाला. मी पदराचं टोक पिळत खाली मान घालून बसले होते. उखाभाऊ बैलांना वैरण टाकून आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “वांगाले हाका मारू नको, इंदू. बाईले मार. एक बाई देख आनि तिच्याशीच बोल.” मी एक म्हातारी हेरली. लुगडं विटलेलं, हातात रिकामी पिशवी. मी तिला म्हटलं, आजी, भरताला घेऊन जा, बी लागायचं नाही दाताला. ती थांबली. तिने बोटाने वांगं दाबून पाहिलं, दोन शेर घेतले, आणि पुढच्या बाजाराला तिच्या सुनेला घेऊन आली. वर्षभरात माझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, असं माय गल्लीतल्या बायांना कौतुकाने सांगायची.

आमच्या शेजारची जागा एका म्हाताऱ्या भाजीवालीची होती. ती बसायची बंद झाली आणि तिथे वच्छला आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. सातपुड्याच्या पायथ्याला तिच्या भावाचं घर होतं. नवरा सुरतेला गिरणीत गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. भावाने तिला नाल्याकाठची एक पट्टी लावायला दिली होती आणि विहिरीवर चार दिवसांतून एकदा पाळी. त्यात ती मेथी, शेपू, कोथिंबीर लावी. पावसाळ्यात रानातली करटुली आणी. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे निघायची. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. आखाजीच्या झोक्यावरची गाणी तिला इतकी येत की गिऱ्हाईक नसलं की ती हळू आवाजात म्हणायची आणि मी ऐकत बसायचे. माझी वेणी सुटली तर बाजारातच घालून द्यायची. मला बहीण नव्हती. तीन भाऊ मधेच गेले, मी एकटी जगले. त्या दोन वर्षांत मी बाजाराची वाट पाहायचे ती वच्छलासाठी.

तिच्या पालेभाजीचं मात्र कठीण असे. चार कोस चालून येईपर्यंत जुड्या मलूल होत. ऊन चढलं की ती पाणी शिंपडत राही, भाव उतरवत राही, आणि दुपारी उरलेलं गाईंपुढे टाकून रिकामी पाटी डोक्यावर घेई. माझ्या पाट्या तोवर कधीच संपलेल्या असत. भावजय तिला दर बाजाराला विचारायची, किती आणलंस? एकदा ती सहज म्हणाली, तुझ्या वांग्यांचं रोप मिळालं असतं तर माझी पट्टी तरली असती. लगेच स्वतःच म्हणाली, जाऊ दे, तुझ्या आबाले नाही पटायचं. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. ती मागत राहिली असती तर मी कदाचित दिलंही नसतं.

आखाजी झाली. राख बदलायला गाडगं उघडलं तेव्हा मी मूठभर बी एका चिंधीत बांधून कमरेला खोचलं. त्याच आठवड्याच्या बाजारात ती पुरचुंडी वच्छलाच्या पाटीत, शेपूच्या जुड्यांखाली सरकवली. उखाभाऊ तेव्हा बैलांपाशी होता, आमच्याकडे पाठ करून. वच्छलाने बोटांनी चाचपलं आणि तिला कळलं. तिने माझा हात घट्ट दाबून धरला, सोडलाच नाही बराच वेळ. मी घरी आले ती फार आनंदात. आपण काही चोरलं असं मला वाटलं नव्हतं. बी आमचंच होतं, गाडग्यात भरपूर होतं, आणि मी ते मैत्रिणीला दिलं होतं. पुढे काय होईल याचा विचार सतरा वर्षांच्या मुलीने केला नाही, यात आजही मला फारसं वावगं वाटत नाही. वावगं घडलं ते नंतर.

दिवाळीनंतर वच्छला यावलला यायची थांबली. मी काय ते ओळखलं. तिच्या झाडांना वांगी लागली असणार आणि आमच्या शेजारी बसून ती विकणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिच्या जागेवर एक चिंचवाला बसू लागला. मला करमत नसे. मग एक दिवस सगळे बाजार फिरणारा एक कांदेवाला आमच्या मळ्यावर आबांकडे आला आणि बोलता बोलता म्हणाला, आबा, तुमची वांगी आता चोपड्यालाही जातात का? एक बाई घेऊन बसते.

आबांनी लगेच दुसऱ्या दिवशी चोपड्याची मोटार धरली नाही, तिथल्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले. मग चोपड्याला गेले. संध्याकाळी परत आले ते पिशवीत एक वांगं घेऊन. ते त्यांनी मायपुढे ठेवलं. मायने चुलीच्या उजेडात ते फिरवून पाहिलं, अंगठ्याने फोडलं, वास घेतला आणि म्हणाली, आपलंच. आबा म्हणाले, त्या बाईला विचारलं बी कुठून आणलं. ती सांगते, बाजारात एका माणसाने दिलं, नाव माहीत नाही.

वच्छलाने माझ्यासाठी ते खोटं सांगितलं होतं. मला वाचवायला तिला पटकन जे सुचलं ते तिने सांगितलं, आणि त्या ‘एका माणसाने’ या दोन शब्दांनी सगळं ठरलं. बाजारात आमच्या घरचा माणूस एकच जायचा.

सकाळी उखाभाऊ गोठ्यात आला तेव्हा आबा अंगणात उभे होते. मी ओसरीवर भाकरी थापत होते, हात पिठाने भरलेले. आबांचा आवाज चढला नाही. ते नेहमीसारखंच बोलले, त्यामुळे मला ते जास्त भयंकर वाटलं.

“उखा, बी कोणाले दिलं?”

“मी दिधं नही, आबा.”

“मग कोणी दिलं? त्या गाडग्याले तीन माणसांचे हात लागतात. मी, तू, आन ही पोरगी.”

माझं नाव त्यांनी घेतलं ते केवळ मोजणी पुरी करायला. माझ्याकडे पाहिलंही नाही. उखाभाऊने मात्र पाहिलं. एकदाच, पण पुरेसा वेळ. मी मान खाली घालून भाकरी परतली, ती तव्यावर फाटली. मला अजून आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की आता बोललं तर आबा मला बाजारात पाठवणार नाहीत. वच्छला पुन्हा कधीच भेटणार नाही, गल्लीत नाव होईल, लग्नाचं बोलणं चाललंय ते थांबेल. उखाभाऊ गेला तर त्याचं काय होईल, हे त्या यादीत नव्हतंच.

उखाभाऊ काही बोलला नाही. आबा म्हणाले, आखाजीपर्यंत थांबायची गरज नाही. सालाच्या मध्यात सालदाराला काढणं म्हणजे आमच्याकडे काय, हे आज कोणाला समजायचं नाही. तोवर सगळ्यांचे सालदार ठरलेले असतात. मध्येच सुटलेल्या माणसाला दुसरा कोणी ठेवत नाही, कारण त्याने काहीतरी केलं असणार असं सगळे धरून चालतात. उखाभाऊने बैलांना पाणी दाखवलं, दावी तपासली, टोपी नीट केली आणि निघून गेला.

पुढच्या बाजाराला गाडी आबांनी हाकली. पाट्या उतरवताना त्यांच्या हातून एक कलंडली. गिऱ्हाइकं विचारत, उखाभाऊ कुठे? आबा म्हणत, सोडला. एवढंच. मी कोणाला हाक न मारता तागडीची पारडी पुसत बसले. त्या दिवशी दोन पाट्या परत आणल्या. आमच्याकडे माल परत येण्याची ती पहिली वेळ. जेवताना मायने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी ती तशीच ठेवली, हे तिने पाहिलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी केशरवहिनी आली. आबा मळ्यात होते. आखाजीला सालदाराला घोंगडी आणि वहाणा द्यायची पद्धत होती. वहिनीने ती घोंगडी घडी करून ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर वहाणा ठेवल्या. वहाणा सहा-सात महिने वापरलेल्या होत्या, टाचेकडे झिजलेल्या. पण तिने त्या धुतल्या होत्या. शिवणीतली माती काडीने काढली होती आणि वर तेलाचा हात फिरवला होता. माय म्हणाली, अगं हे कशाला? वहिनी म्हणाली, साल पुरं झालं नाही, मग ह्या आमच्या कशा? पाणी विचारलं तर नको म्हणाली. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. मी दारामागे उभी होते आणि मला त्या वहाणांकडे पाहवत नव्हतं. इतक्या निगुतीने कोणी वापरलेली वहाण परत करायला स्वच्छ करतं, याचा अर्थ मला तेव्हा पूर्ण कळला असं नाही. पण मी त्या रात्री झोपले नाही.

सकाळी बाजार होता. गावाबाहेर ओढा ओलांडून गाडी चढावर आली. पूर्वेला नुकतं फटफटत होतं, थंडी होती, आबांनी उपरणं कानावरून घेतलं होतं. मी त्यांच्या पाठीमागे पाट्यांमध्ये बसले होते.

मी म्हटलं, “आबा, बी मी दिलं.”

चाकांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. बैल तसेच चालत राहिले. पुढे पाहतच त्यांनी विचारलं, “कोणाले?”

“वच्छलाले. शेजारी बसायची ती.”

“किती?”

“एक पुरचुंडी.”

त्यांनी उपरणं कानावरून मागे सारलं. मग म्हणाले, “उखाले माहीत व्हतं?”

मी नाही म्हटलं, कारण मला तसंच वाटत होतं. आबांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता उतरवतील, मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण मारावं असं मलाच वाटत होतं. त्यांनी बैल वळवले. पाच पाट्या वांगी भरलेली, बाजार दीड तासावर, आणि आबांनी गाडी परत गावाकडे घेतली.

उखाभाऊ घरी नव्हता. केशरवहिनी म्हणाली, सडकेवर खडी फोडायला गेलेत. सडक म्हणजे यावलचीच सडक, जिच्यावरून सगळ्या गावांच्या गाड्या बाजाराला जातात. आम्ही पुन्हा निघालो. ऊन वर आलं होतं. सडकेच्या कडेला दगडांचे ढीग आणि प्रत्येक ढिगापाशी एक माणूस, हातोड्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. उखाभाऊने डोळ्यांना धूळ लागू नये म्हणून उपरणं गुंडाळलं होतं. आबांनी गाडी अगदी त्याच्याजवळ उभी केली आणि खाली उतरले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या हळू झाल्या. ओळखीच्या माणसांनी रामराम घातला, आबांनी कोणाला उत्तर दिलं नाही.

“उखा, चूक माझी झाली,” आबा म्हणाले. “बी या पोरीनं दिलं. चाल घरी.”

उखाभाऊने हातोडा खाली ठेवला आणि तोंडावरचं उपरणं सोडलं. “माले माहीत व्हतं, आबा. राख बदलताना मी देखं व्हतं.”

आबा एक पाऊल पुढे आले. “मग बोलला काहून नाही?”

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अंगणात पाहिलं होतं तसंच पाहिलं. “ती सांगी, असं माले वाटनं.”

मी गाडीतच बसून होते. खाली उतरायला हवं होतं, हे मला आज सुचतं. आबा पुन्हा म्हणाले, झालं गेलं, घरी चाल, बैल तुझ्याशिवाय नीट खात नाहीत. ते खरंच होतं. उखाभाऊने मान हलवली.

“नही आबा. तुम्ही माले इचारं. घरमा कोनले इचारं नही.”

एवढं बोलून त्याने उपरणं पुन्हा गुंडाळलं आणि बसला.  शेजारच्या ढिगावरचा माणूस फोडायचा थांबला होता, तो पुन्हा फोडायला लागला. मग आबा गाडीवर चढले.

यावलला पोचलो तेव्हा बाजार निम्मा उठला होता. ओलं फडकं वाळून गेलं होतं आणि वांगी उन्हाने सुरकुतली होती. मिळेल त्या भावाला दोन पाट्या गेल्या, बाकीची गुरांनी खाल्ली. आबा मला काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माय बोलली. संध्याकाळी तिने मला पडवीत गाठलं आणि विचारलं, “बाजारात एवढी ओरडते, त्या दिवशी तुझ्या तोंडाले काय झालं व्हतं?” मी खाली बसून फडकं पिळत राहिले.  बी दिल्याबद्दल मायने मला एकदाही टोचलं नाही. तिलाही माहीत होतं, की पुरचुंडीची गोष्ट वेगळी आणि तव्यासमोर मान घालून बसल्याची वेगळी.

वच्छलापर्यंत हे सगळं कांदेवाल्याच्या तोंडून गेलं. ती पायी चालत आमच्या घरी आली, आबांच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, बठ्ठी झाडं उपटून टाकते. आबा म्हणाले, “उभं पीक उपटू नको.” मग म्हणाले, पुन्हा यावललाच येऊन बस. ती आली. चिंचवाल्याला सरकवून तिने आपली जागा परत घेतली. आम्ही दोघी शेजारी शेजारी एकच वांगी विकत असू. गिऱ्हाइकं आधी गोंधळली, मग दोन्हीकडून घ्यायला लागली. आमचा भाव उतरला, हे खरं. तो पुन्हा पहिल्यासारखा कधी चढला नाही. वच्छलाकडून ते बी तिच्या गावात गेलं, तिथून आणखी पुढे. परवा नातसुनेने आणलेल्या वांग्यावर जळगावचं नाव छापलेला कागद चिकटवलेला होता. ते आमच्याच गाडग्यातलं की आणखी कुठलं, ते मी सांगू शकत नाही. तशी वांगी आता सगळ्या मुलखात होतात. वच्छला आणि मी बोलत होतो, हसतही होतो. पण ती झोक्याची गाणी म्हणायला लागली की मी काहीतरी काम काढून उठायचे.

आखाजी आली तेव्हा आबांनी नवा सालदार ठरवला नाही. त्यांनी आणि मी मिळून जमेल तेवढं केलं. आखाजीच्या पुढच्या महिन्यात, रोपं टाकायच्या आधी, एका सकाळी उखाभाऊ आमच्या दारात आला. ओट्यावर गल्लीतली दोन-तीन माणसं बसली होती. शेजारच्या गावातल्या एकाचं वावर त्याने बटाईने केलं होतं, विहिरीचं पाणी असलेलं, हे आम्ही ऐकलं होतं. त्याच्या पायात नव्या वहाणा होत्या. तो ओट्यापाशी थांबला आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणाला, “आबा, बियानं मांगाले उनू.”

ते बी त्याला वच्छलाकडून कधीही मिळालं असतं. चार घरी मिळालं असतं.  आबा ओट्यावरच्या बाजेवर थोडे सरकले आणि म्हणाले, “ये उखाभाऊ, बस.”

आबांनी त्याला भाऊ म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सालदार जमिनीवर बसायचा, ही रीत होती. उखाभाऊ क्षणभर घुटमळला आणि बाजेवर आबांच्या शेजारी बसला. मायने गूळ-पाणी आणलं. दोघे पावसाचं बोलले, कोणत्या विहिरीला किती पाणी उतरलं ते बोलले. मग आबांनी मला हाक मारली, इंदू, गाडगं आण. मी आणलं. त्यांनी शेणाचं लिंपण फोडलं आणि गाडगं माझ्याकडेच परत दिलं. “तू दे,” म्हणाले.

उखाभाऊने उपरण्याचं टोक पसरलं. मी ओंजळीने ओतू लागले तर त्याने हात आडवा केला. “इतलंच बस शे.” मग त्याने बोटांत थोडं घेतलं, चोळून पाहिलं, आणि सडकेवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला विचारलं, “राख चाळेल शे ना?”

चाळलेली आहे, मी म्हटलं, दोनदा. त्याने मान हलवली, गाठ मारली आणि उठला. मी गाडगं हातात धरून, तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारात उभी होते.